बंधूंच्या वतीने रोखलेला श्वास

माझे थोरले बंधू व्यवसायाने शिंपी असून त्यांच्या फुप्फुसाच्या कर्करोगावर किरणोपचार पूर्ण झाले. तदनंतर त्यांना खोकला व धाप सुरू झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किरणांमुळे फुप्फुसाला सूज आली असावी. औषध आहे, पण ते वेळेत सुरू व्हायला हवं. स्कॅनवर सुजेचे टक्के येऊ द्या, लगेच लिहून देते."

स्कॅनच्या यंत्रात आडवे होऊन वीस अंक मोजेपर्यंत श्वास रोखणे आवश्यक असते. बंधू सातव्या अंकाला खोकले. तंत्रज्ञाने शिक्का मारला : 'रुग्णाच्या असहकारामुळे चित्र अस्पष्ट.'

"अहो, खोकला येतो म्हणूनच तर आलोय!" बंधू म्हणाले.

"खोकला थांबला की या," तंत्रज्ञ म्हणाला.

"मीही गिऱ्हाइकाला सरळ उभं राहा म्हणतो. पण पाठीला बाक असेल तर बाकासकट माप घेतो. बरा होऊन ये म्हणत नाही."

तंत्रज्ञाने हे वाक्य 'अभिप्राय' या रकान्यात नोंदवून घेतले.

श्वास रोखण्यातून सूट मिळावी म्हणून मी अर्ज केला. त्यास धाप लागत असल्याचा दाखला जोडणे सक्तीचे होते. आणि तो दाखला स्कॅनवरून मिळत असे. आणखी दोन खेपा झाल्या. बंधू आता चौथ्या अंकालाच खोकू लागले. अखेर अस्पष्ट चित्रांमुळे विभागाची गुणवत्ता घसरत असल्याचे वरिष्ठांच्या ध्यानात आले व नवा नियम निघाला : रुग्ण असमर्थ असल्यास रक्ताच्या नात्यातील निरोगी व्यक्तीने त्याच्या वतीने श्वास रोखावा.

"म्हणजे भाऊजी, यंत्रात तुम्ही झोपणार?" वहिनी म्हणाल्या. "दुखणं ह्यांचं ना?"

"वहिनी, कागदावर नाव दादाचंच राहील," मी धीर दिला.

मी सही केली, आडवा झालो व तेवीस अंकांपर्यंत श्वास रोखला. तंत्रज्ञ गहिवरला. असे सुस्पष्ट चित्र त्या विभागात आजवर निघाले नव्हते.

"सूज शून्य टक्के! औषधाची गरजच नाही. अभिनंदन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बंधू एवढे खोकले की अहवाल टेबलावरून उडाला. बाईंनी तो उचलून पुन्हा नीट वाचला. "छे, ह्यात खोकला कुठेच नाही."

घरी नातलग जमले. चित्र खिडकीशी धरून सर्वांनी पाहिले. आतल्या खोलीतील खोकल्यामुळे अहवालाचे वाचन ऐकू येईना, म्हणून कोणीतरी मधले दार लोटून घेतले.

वाचकांस हा प्रकार हास्यास्पद वाटेल. परंतु आपण मागच्या खेपेस ज्या आजाऱ्यास भेटावयास गेलात, त्याच्या उशाशी बसून प्रथम काय विचारलेत? 'रिपोर्ट काय आला?' हेच ना? आणि उत्तर त्याच्याकडून ऐकलेत, की त्याच्या भावाकडून?