हेमलताच्या नावावरचा चार्जर

आमच्या चिकूच्या वाडीतला विजेचा छोटा ट्रॅक्टर माझी बायको हेमलता हिच्या अंगातल्या उबेवर चार्ज होतो. ट्रॅक्टर ज्याच्या नावावर, ऊब त्याची, असा नियम आहे. सहा वर्षांपूर्वी बाईमाणसाच्या नावावर घेतला तर सवलत होती, म्हणून मी तिचं नाव घातलं. घर, गॅस, सगळं आम्ही असंच तिच्या नावावर केलं आहे.

सोमवारी जुना चार्जर जळाला. चार्जर नसला तर ट्रॅक्टर तीन दिवस थांबतो. चौथ्या दिवशी तो मालकाला स्वतःच जोडून घेतो, आणि मग किती ओढायचं याला मर्यादा राहत नाही. आज बुधवार, म्हणजे तिसरा दिवस. सकाळी मी हेमाचा ताप पाहिला. पंचाण्णव पूर्णांक दोन भरला. वहीत लिहिला आणि आम्ही दोघं चुरींच्या दुकानात गेलो.

चुरींनी दोन चार्जर काउंटरवर ठेवले. "हा दहा अँपिअरचा. दिवसभर थोडं थोडं ओढतो. हा पंचवीसचा. दोन तासांत मोकळं."

"हळू ओढणारा द्या," मी म्हणालो. "तिला झेपेल."

"ज्याला झेपायचंय त्याला विचारा की," हेमा म्हणाली. मग चुरींकडे वळली. "भाऊ, दहावाल्यावर मी दिवसभर कशी असेन?"

"कोमट, वहिनी. आत्तासारख्याच."

"आणि पंचवीसवर?"

"दोन तास गार. अगदी गार. उरलेला दिवस पूर्वीसारख्या ऊबदार."

"परत येतो ना पण माणूस?"

चुरींनी माहितीपत्रक उलटसुलट करून पाहिलं. "बहुतेक येतात."

मी नाव बदलायचा अर्ज मागितला. सवलतीत घेतलेल्या ट्रॅक्टरवरचं नाव दहा वर्षं बदलत नाही, असं त्यांनी नियमावर बोट ठेवून दाखवलं.

"अहो, माझी ऊब घ्या. मी काय परका आहे?"

"घरचेच आहात, दादा. कागदावर नाही आहात."

"सहा वर्षं निवलेल्या चहासारखी काढली मी," हेमा म्हणाली. "सांगायला गेलं तर हे वहीत लिहून ठेवतात. पंचवीसचा बांधा, भाऊ."

खोका तिनेच उचलला.

घरी आलो तेव्हा ट्रॅक्टर शेडमधून निघून ओट्याच्या पायरीला येऊन लागला होता. हेमाने त्याच्याजवळ खुर्ची ओढली, शाल घेतली आणि चार्जरचा चिमटा डाव्या मनगटाला लावला. उजव्या हाताने मला समोर बसायची खूण केली.

"दोन तासांनी हाक मारा," ती म्हणाली. "ओ दिली नाही तरी मारत राहा."

चार्जर ओढायला लागून त्याचा दिवा लाल झाला तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. आता साडेबारा होत आहेत. मी आत्तापासूनच हाका मारायला लागलो आहे.