कडेची पट्टी

इमारतीमागच्या मोकळ्या जागेत बॅडमिंटनचं मैदान आखायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांच्या नजरा आपसूक मास्तरांकडे वळल्या. मास्तर म्हणजे तळमजल्यावरचे शिंपी. टेप गळ्यात, खडू कानावर, आणि सरळ रेघ मारण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. सेक्रेटरींनी मैदानाचं चित्र आणून दिलं, मास्तरांनी ते हुबेहूब जमिनीवर उतरवलं. दोन्ही कडांना शेजारी शेजारी दोन-दोन रेघा होत्या. त्या का, हे विचारायची त्यांना गरजच वाटली नाही. आतली शिवणीची, बाहेरची कापायची. मधली पट्टी म्हणजे माया, शिवणीपलीकडे सोडलेलं जादा कापड. ते कपड्यात धरत नाहीत.

ज्यानं रेघा मारल्या त्यालाच त्या कळणार, म्हणून पंचही मास्तरच झाले. खेळणारे सगळे नवशिके. पिसांचं फूल जाळीवरून तिरकं पलीकडच्या चौकोनात टाकायचं, आपल्या बाजूला जमिनीला टेकलं किंवा अंगाला लागलं की गुण गेला, आणि पहिला फटका कमरेखालूनच मारायचा, एवढं शिकेपर्यंत निम्म्यांच्या पाठी धरल्या. त्यातही कंबर नेमकी कुठे, यावरून बँकेतल्या कॅशिअरांचं भांडण झालं. मास्तरांनी ते भर मैदानात मिटवलं.

"पट्टा बघू नका त्यांचा. तो पोटाखाली घसरलाय. कंबर चांगली वीतभर वर आहे, मी माप घेतलंय."

कॅशिअर त्या दिवसापासून शर्ट बाहेर काढून खेळू लागले.

मग स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात एका बाजूला वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आणि दुसऱ्या बाजूला मास्तरांची बायको. दोघीच समोरासमोर. शेवटच्या गुणाला बायकोनं असा काही फटका हाणला की डॉक्टरीणबाई जागच्या हलल्या नाहीत. फूल येऊन पडलं ते थेट कडेच्या पट्टीत.

"आउट," मास्तर म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सख्ख्या बायकोला बाद देणारा पंच! मास्तरांनी हात जोडले, किंचित हसले. कप डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि मास्तरांच्या घरात अबोला आला. बायको जेवायला वाढायची, पण बोलायची ती इस्त्रीशी. "चहा निवतोय म्हणावं कुणाला तरी." इस्त्री बिचारी काय बोलणार. मास्तरांना मात्र आतून अभिमानच वाटत होता. न्यायाची किंमत मोजावी लागते, असं ते गिऱ्हाइकांना सांगत.

एका संध्याकाळी व्यायामशाळेत शिकवणाऱ्या बाई विजारीची उंची कमी करून घ्यायला आल्या. मास्तर खाली बसून तोंडातल्या टाचण्या एकेक करून लावत होते. खिडकीबाहेर कॅशिअर आणि मंडळींचा दोघा-दोघांचा डाव रंगला होता. कॅशिअरांचं फूल पट्टीत पडलं, तशी सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. मास्तरांनी बसल्या बसल्या हात बाहेर काढून 'आउट'ची खूण केली.

"अहो, हे काय?" बाई म्हणाल्या. "दुहेरीत कडेची पट्टी आतच धरतात. आता एकेरीत म्हणाल तर..."

पुढचं ऐकायला मास्तर तिथे होतेच कुठे? त्यांच्या डोळ्यांपुढे बायकोचं फूल पडलं होतं. कान तापले. विजारीचा एक पाय टाचलेला, दुसरा लोंबता, अशा अवस्थेत बाईंना सोडून ते बाहेर धावले, टाचण्या थुंकल्या आणि कॅशिअरांची माफी मागितली. तिथून तसेच जिना चढून दवाखान्यात. बाकावरच्या पेशंटांसमोर त्यांनी खालच्या मानेनं सांगितलं, की कप चुकून दिला गेला. डॉक्टरीणबाईंनी त्यात कापसाचे बोळे ठेवले होते. बोळे काढायलाही त्या थांबल्या नाहीत, कप तसाच हातात दिला.

बायको काजं करत होती. मास्तरांनी कप तिच्यापुढे ठेवला आणि तिच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत सगळं सांगितलं. रेघा, माया, पट्टी, सगळं. "चुकलो मी," ते म्हणाले. लग्नानंतर हा शब्द त्यांनी घरात प्रथमच काढला होता. बायकोनं सुई थांबवली, सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग इस्त्रीकडे न बघता थेट त्यांच्याशी बोलली.

"आमची एकेरी होती. एकेरीत ती पट्टी बाहेरच. व्यायामशाळेतल्या बाई कापड द्यायला आल्या होत्या ना, तेव्हाच विचारलं मी."

मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे आउटच होतं?"

"आउटच."

"मग एवढे दिवस अबोला कशाचा, अगं?"

"आउट दिलंत त्याचं काही नाही. देऊन हसलात." तिनं दोरा दातानं तोडला. "माझ्याकडे एकदा बघितलंसुद्धा नाहीत. लोकांना नमस्कार करत बसलात."

मग तिनंच कप त्यांच्या हातात दिला.

"जा, देऊन या."

"आत्ता? तिथे सगळे बसलेत गं."

"बसू देत. आणि हसत जाऊ नका."

हसण्याचा प्रश्नच नव्हता. बाकावर तेच पेशंट तसेच गाल धरून बसले होते. मास्तरांनी कप सदऱ्याखाली दडवला तर ते पोटुशीसारखे दिसू लागले, म्हणून पुन्हा बाहेर काढला. रांगेत बसले. नंबर आला, खुर्चीत टेकले. एकाच संध्याकाळी त्याच बाईंपुढे दुसऱ्यांदा काय सांगायचं?

"दाढ दुखते," ते म्हणाले. गालाला जिथे हात लागला तिथलीच दाखवली.

डॉक्टरीणबाईंनी दिवा ओढला, आरसा आत घातला, आणि त्यांच्या मांडीवरच्या कपातला एक बोळा सवयीनं उचलला.

"चांगलीच किडलीय. बरोबर ओळखलंत."

कारण ठाऊक नसताना मास्तरांचा निर्णय पुन्हा एकदा अचूक ठरला होता. या वेळी मात्र त्यांच्यानं हसवलं नाही. एका हातानं त्यांनी कप डॉक्टरीणबाईंपुढे धरला आणि दुसऱ्यानं खुर्चीचा दांडा.