सावंतसरांचा बोलका कागद

आमच्या वाशीच्या सोसायटीतले सावंतसर लग्नपत्रिका वाचत नसत, ऐकत. कानाशी धरायचे, हलवायचे आणि आणून देणाऱ्याच्या तोंडावर निकाल सांगायचे, "कागद मुका आहे हो!" माझ्या मेव्हण्याच्या पत्रिकेलाही हाच आहेर मिळाला. बायको आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, जणू कागद मीच केला होता.

सर शाळेत चित्रकला शिकवायचे. पुढे त्यांना हातकागदाचं वेड लागलं. केळीच्या खोडाचे सोप, भाताचा पेंढा, मिळेल ते आमच्या गच्चीत शिजवायचं, कुटायचं, टबात कालवायचं, जाळीच्या चौकटीवर उचलून वाळवायचं. कामाला जवळच्या तळवली गावच्या सहा बायका. नवं शहर वसवताना त्यांची शेतं गेलेली. या कागदाच्या पत्रिकांवर आणि दिव्यांच्या शेडवर त्यांच्या चुली पेटत. शेडवरची नक्षी सरांची, पण गिऱ्हाइकाला म्हणायचे, "नक्षी सोडा हो, कागद बघा. तो या बायांचा आहे." मोठा माणूस, वादच नाही. पण वास! अहो, पेंढा शिजायला लागला की तिसऱ्या मजल्यावरचे लोक भरल्या ताटावरून उठायचे.

शेवटी सभेत गच्ची बंद करायचं ठरलं. मी सेक्रेटरी, म्हणजे वाईटपणाचा धनी. नोटीस टाईप करून वर गेलो.

सर आणि हिराबाई, त्या बायांतली सगळ्यात वयस्कर, एक वाळलेला ताव कापडावरून अलगद सोडवत होते. सरांनी नोटीस घेतली, सवयीने कानाशी धरली. "मुकी आहे," म्हणाले. मग हळूच, "उद्यापासून या सहाजणींनी कुठे बसायचं, सेक्रेटरी?"

तेवढ्यात हिराबाईने तो ताव पुढे केला. "सायेब, यो आयका. माजे शेताचा शेवटचा पेंडा हाय. चार वरसं माल्यावर जपून ठेवलेला."

ऐकला. पिकल्या भातात वारा शिरावा तसा सळसळला.

"हा विकायचा नाही," सर म्हणाले. "तिच्या घरात लावायचा. शेत काही मला परत देता येत नाही." आणि स्वच्छच असलेला चष्मा पुसत बसले. हिराबाईने ताव स्वतःच्या कानाशी धरला आणि डोळे मिटले.

मी सरांच्या हातातली नोटीस काढून घेतली आणि टबात टाकली.

"सर, हिचा कागद होईल का?"

"होईल की! पण बोलती करायची तर चांगली कुटावी लागेल."

हिराबाईने डोळे उघडले आणि मुसळ माझ्या हातात दिलं.