मोटर बंद केली आहे

बुधवारी संध्याकाळी सुरुची गोखिवऱ्याच्या ऑफिसातून घरी पोचली, तेव्हा सोसायटीच्या फाटकात पाण्याचा टँकर उभा होता आणि तिसऱ्या मजल्यावर सासूबाईंनी तिच्याशी बोलणं बंद केलं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तिच्या मनातही आलं नाही. मनात शनिवार होता.

शनिवारी निकोलस सरांना उत्तर द्यायचं होतं. सेल्स की टेक्निकल? सरांची छोटीशी कंपनी विहिरीचा पंप आपोआप चालू-बंद करणारे कंट्रोलर बनवायची. मोटर चालू झाली, बंद पडली, पाणी खाली गेलं, की कंट्रोलर स्वतःच वाडीच्या मालकाला फोन करून सांगायचा. इंजिनिअर म्हणून लागल्यावर सुरुचीने तीन महिने वर्कशॉपमध्ये काढले आणि तीन महिने गिऱ्हाइकांत. आता त्यातली एक बाजू कायमची धरायची होती. तिला टेक्निकल हवं होतं. आठवीत असताना घरचा मिक्सर उघडून आईचा मार खाल्ला, तेव्हापासूनच हवं होतं. पण गिरीज गावातल्या वाड्यांत एका महिन्यात तिने सात कंट्रोलर विकले होते आणि ते बसवून आठ दिवस झाले तरी एकही तक्रार नव्हती. त्यामुळे तिच्या वतीने सरांनी सेल्स आधीच पक्कं केलं होतं.

"आई, टँकर कशाला आलाय?"

सासूबाई, म्हणजे सुहासिनीबाई, मेथी निवडत होत्या. त्यांनी शेजारी बसलेल्या आठ महिन्यांच्या छकुलीकडे बघून उत्तर दिलं, "सांग तुझ्या आईला. म्हणावं, हुकूम तूच सोडायचे आणि वर तूच विचारायचं."

छकुलीने निरोप पोचवला नाही. ती चमचा चोखत होती.

"मी? कसला हुकूम?"

"पाणी संपत आलं आहे. मोटर बंद केली आहे." आईंनी ओठ आवळून सुनेची नक्कल केली. "हे अस्सं. दबक्या आवाजात. राग असेल तर मोकळेपणी ओरडावं माणसाने. आठ दिवस झाले, दिवसातून दहादा फोन करतेस. आणि मी म्हणतेय, अगं, छकुलीने पेज खाल्ली, तर पुढचं ऐकायच्या आत कट! रोज नवीन नंबर. ऑफिसात काय सगळ्यांचे फोन मागून घेतेस?"

"आई, मी एकदाही फोन केला नाही."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

झालं होतं ते असं. मोटर चालू झाली असा फोन आला, की सुहासिनीबाई छकुलीला काखोटीला मारून तीन जिने उतरायच्या आणि वॉचमन शांतारामला सांगायच्या, टाकी वाहील, बघ. तो म्हणायचा, काकू, मोटर बंदच आहे. आठ दिवस हे चाललं. सुनेला विचारायचं तर मानाचा प्रश्न होता. आज अकराला फोन आला, पाणी संपत आलं आहे. आईंनी आपले हंडे-बादल्या भरल्या आणि शेजारधर्म म्हणून समोरच्या दाराची बेल वाजवली. मग खालच्या. मग सगळ्यांच्याच.

"टाकी अर्ध्याच्या वर भरलेली आहे, काकू," शांताराम म्हणाला होता.

"माझी सून पाण्याच्या मोटरींची इंजिनिअर आहे," आईंनी सांगितलं. त्यावर शांतारामनेही आपली बादली नळाखाली लावली.

चोवीस बिऱ्हाडांनी पिंपं भरली, कुकर भरले, तळमजल्यावरच्यांनी पोरांचा फुगवायचा टबही भरला. अकराला खोटी असलेली बातमी साडेतीनला तंतोतंत खरी झाली. टाकी कोरडी पडली आणि सेक्रेटरींनी टँकर मागवला.

एवढ्यात आईंचा फोन वाजला.

"हं, बघ, आलाच तुझा..." म्हणत त्यांनी फोन उचलला आणि सुनेला खोटं पाडण्यासाठी स्पीकर लावला. खोलीत सुरुचीचा आवाज आला. हळू, मऊ. "मोटर चालू झाली आहे."

आईंनी सुनेच्या तोंडाकडे बघितलं. ते मिटलेलं होतं.

"तू तर इथे आहेस," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग ही कोण?"

सुरुची मेथीच्या जुडीशेजारी खालीच बसली. तो आवाज तिचाच होता. कंट्रोलरमध्ये बोलायला बाई हवी होती, तिने एका रविवारी घरीच रेकॉर्डिंग केलं होतं. छकुली नुकती झोपली होती, म्हणून आवाज दबका. करून बघायला एखादा नंबर टाकायचा होता, पण स्वतःचा फोन झोपलेल्या छकुलीच्या मुठीत होता. तो सोडवून तिला उठवण्यापेक्षा तिने आईंचा नंबर टाकला. पुढे सात मशिनांत सात मालकांचे नंबर भरून झाल्यावर तिने त्यांत आवाजाची फाइल घातली, आणि फाइलबरोबर आईंचा नंबर गुपचूप सातही मालकांच्या नंबरांच्या जागी जाऊन बसला. गिरीजच्या सात विहिरी आठ दिवस सुहासिनीबाईंना हिशोब देत होत्या.

"म्हणजे मी आठ दिवस यंत्राशी रुसले होते?" आई म्हणाल्या. मग थोड्या ओशाळून, "पण एक सांगू? दुपारी ही रडायला लागली ना, की मी वाट बघत बसते, कुठली मोटर चालू होतेय. तुझा आवाज आला की गप्प. फोनला हात लावते, हसते."

सुरुचीने छकुलीला उचलून घट्ट धरलं. ती तिच्या मानेत तोंड खुपसून बसली.

जेवताना तिच्या नवऱ्याने, विघ्नेशने सगळं ऐकलं आणि पोट धरून हसून झाल्यावर सल्ला दिला, "शनिवारपर्यंत गप्प बस. मोटर वेळेवर बंद होतेय ना? मग झालं. टेक्निकल मागायला जाणार आणि जाताना स्वतःचीच टेक्निकल चूक हातात घेऊन जाणार? सर सरळ सेल्सला पाठवतील."

"पाठवू देत. पण आधी सातही मशिनं नीट करीन."

"अगं, पण कोणाची तक्रारच नाही!"

"मला माहीत आहे ना, ती बिघडलेली आहेत. बास."

गुरुवारी अर्धी रजा टाकून ती लॅपटॉप घेऊन गिरीजला गेली. पहिली वाडी एडवर्ड अंकलची. ते केळीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते.

"ये बाय, ये! तुझा डबा एकदम बेस. आठ दिवसांत एकदा पन तोंड उघडलं नाय. आधीच्या कंपनीचा सारखा बोंबलायचा, मी काढून फेकला. चार जनांना सांगितलंय, घ्यायचा तर हाच घ्या, एकदम गरीब आहे."

"अंकल, तो गरीब नाही, बिघडलेला आहे," सुरुची म्हणाली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

शहाळं घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी तेरेसा आंटी दारातच हसत बसल्या. "म्हणजे आमची मोटर तुझ्या सासूशी बोलते?"

"हो, आंटी."

"ऐकते ती नीट?"

"तीन जिने उतरून."

"मग राहू दे की तसंच!" एडवर्ड अंकल कळवळून म्हणाले. "तिला आवडतं, मला शांती आहे. कशाला मोडतेस चाललेलं?"

"अंकल, उद्या तुमच्या विहिरीचं पाणी आटलं तर ते तुम्हाला कळायला हवं, माझ्या सासूबाईंना नाही."

अंकलनी मान हलवली, पण मशीनपुढून खुर्ची हलवायला तयार होईनात. शेवटी सुरुची खुर्चीच्या मागून हात घालून वायर जोडत बसली. नंबर बदलला, मोटर चालू करून बघितली. अंकलच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला आणि दात दुखावा तसा चेहरा केला.

उरलेल्या सहा वाड्यांत सहा वेळा हेच. एकाने तर कंट्रोलरला मिठीच मारली होती. अंधार पडायच्या आत सातही मशिनं नीट झाली.

शुक्रवारी सकाळपासून निकोलस सरांचा फोन थांबला नाही. डबा बोलायला लागला. डबा पहाटे बोलतो. डबा जेवताना बोलतो. एडवर्ड अंकलनी कळवलं, की तेरेसा रोझरीच्या प्रार्थनेला बसली असता मध्येच 'पाणी संपत आलं आहे' असं ऐकू आलं आणि जमलेल्यांपैकी दोघी उठून घरी पाणी भरायला गेल्या. सात तक्रारी आल्या. अंकलच्या शब्दावर आलेल्या चार नव्या ऑर्डरीही रद्द झाल्या.

शनिवारी सरांच्या टेबलापुढे सुरुची बसायला सांगायच्या आधीच बोलली. "सर, माझं उत्तर टेक्निकल. आता मी काय केलं ते सांगते, मग तुम्ही ठरवा." आणि आईंचा नंबर, टँकर, गिरीज, काही न वगळता तिने सांगितलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"म्हणजे मशीन बिघडलेलं होतं तेव्हा गिऱ्हाईक खूश."

"हो, सर."

"आणि तू जाऊन ते दुरुस्त केलंस. कोणी सांगितलं नसताना. रजा टाकून."

"हो, सर."

"त्यात माझ्या चार ऑर्डरी गेल्या."

"हो, सर. पण मशीन बरोबर चालतंय."

सरांनी समोरची फाइल मिटली. "खूश गिऱ्हाइकाला जाऊन सांगायचं, की तुमचं मशीन बिघडलंय. अशा माणसाला मी सेल्समध्ये एक दिवससुद्धा ठेवू शकत नाही."

"म्हणजे...?"

"टेक्निकल. सोमवारपासून."

सुरुचीला इतकं हसू येत होतं, की ओठ चावावे लागले. "थँक यू, सर. पहिलं काम काय?"

"गिरीजला जायचं. सातही जणांच्या वाडीत बसायचं, चहा घ्यायचा, फोन येणं किती चांगलं ते गोड बोलून पटवायचं. जमलं तर त्या चार ऑर्डरीही परत आणायच्या."

"सर," सुरुची हळूच म्हणाली, "याला सेल्स म्हणतात."

"छे," सर पुढची फाइल ओढत म्हणाले. "सेल्समध्ये कमिशन मिळतं. हे टेक्निकल आहे."