हबीबचाचांनी उकळलेलं पाणी

हबीबचाचांना कुणी पाणी दिलं की ते आधी त्या पाण्याची चौकशी करतात. कुठून आलं, कधी भरलं, कशात ठेवलं, झाकलेलं होतं का. मुलगी बघायला आलेली माणसंसुद्धा इतकं विचारत नाहीत. उत्तरं पटली नाहीत तर पिशवीतून स्वतःची स्टीलची बाटली काढतात आणि यजमानालाच विचारतात, घेता का घोटभर?

अंबडला आमच्या गल्लीत शेवटचं घर त्यांचं. सगळी नोकरी कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेली, मदतनीस म्हणून. पोरांना सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याचा थेंब दाखवता दाखवता त्यांनी स्वतः तो इतक्या वेळा पाहिला की साध्या नजरेनं पाण्याकडे बघणं त्यांना जमेनासं झालं. "दिसायला साफ हाय म्हंजे साफ हाय असं न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. टेम्पोतून येणाऱ्या थंडगार जारचं कुणी कौतुक केलं, तर थंडीतापात माणसाचे हातपायही थंड पडतात, म्हणून तो बरा आहे का, असं विचारतात.

प्लास्टिकच्या बाटलीशी तर त्यांचं हाडवैर. एकदा आम्ही दोघं जीपमधून घनसावंगीला निघालो होतो. पुढच्या सीटवरच्या माणसानं पाणी पिऊन रिकामी बाटली खिडकीतून भिरकावली. चाचांनी जीप थांबवायला लावली, उतरले, भर उन्हात मागे चालत गेले आणि बाटली घेऊन आले. बाटली मांडीवर घेऊन घनसावंगीपर्यंत बसले. तो माणूस बिचारा आधीच्याच फाट्यावर उतरला.

असे हे चाचा माझ्या पुतणीच्या लग्नाच्या आठ दिवस आधी घरी आले. लग्न मे महिन्यातलं, गल्लीत टँकर चालू. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, बाटल्यांची खोकी सांगायचं ठरवलं होतं. चाचा म्हणाले, सांगू नका, पाणी माझ्यावर सोडा.

दादा अडचणीत आला. चारशे माणूस, त्यात नवरदेवाकडचे आष्टीचे. कुणाचं पोट बिघडलं तर लग्न राहील बाजूला, पाण्याचीच चर्चा होईल. तो मला खुणेनं काहीतरी बोल म्हणत होता. पण आईनं आतूनच निकाल दिला. हबीब म्हणतो तर होईल. मागे तिला कावीळ झाली होती, तेव्हा चाचांनी महिनाभर रोज सकाळी उकळलेल्या पाण्याची कळशी आणून दिली होती. ते ती विसरली नव्हती.

दोन दिवस आमच्या अंगणात प्रयोगशाळा उघडली. चाचांनी टँकरच्या पाण्यात तुरटी फिरवली, गाळ खाली बसू दिला, मग चौपदरी कापडातून पाणी गाळून आचाऱ्याच्या मोठ्या कढईत खळखळ उकळलं. थोडी पिंपं मशिदीतून आणली, थोडी जैन मंदिरातून. सगळी तोटीची, म्हणजे कुणी आत हात घालायला नको. पिंपं घट्ट झाकून त्यांना ओली पोती गुंडाळली. कुणी जवळ गेलं की चाचा म्हणत, "हात धुऊन आल्ता का?" दादा स्वतःच्या घरात हात धुऊन धुऊन वैतागला.

लग्नाच्या दिवशी पिंपं मंगल कार्यालयात नेली आणि नेमकं व्हायचं तेच झालं. व्याह्यांनी स्टीलचे पेले पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. बाटलीबंद पाणी नाही ठेवलं का, त्यांनी विचारलं. दादानं चाचांकडे पाहिलं.

चाचा दोन पेले भरून आले. पाणी कधी आणलं, किती वेळ उकळलं, सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. एक पेला स्वतः पिऊन टाकला आणि दुसरा पुढे केला.

"पाव्हणे, ह्या पाण्याची मला सुरुवातीपासून खबर हाय. बाटलीतल्याची तुम्हाला हाय का?"

व्याह्यांनी क्षणभर पेल्याकडे पाहिलं. मग प्यायले, आणि अजून एक मागितला. दुपारी तेच आपल्या पाहुण्यांना सांगत होते की पाणी उकळलेलं आहे, बिनघोर प्या. कार्यालयाच्या मागं एरवी रिकाम्या बाटल्यांचा ढीग पडतो. त्या दिवशी तिथं नुसत्या पत्रावळी होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आभार मानायला गेलो. चाचा अंगणात पिंपं घासत बसले होते. तोवर त्यांचा आष्टीला फोनही करून झाला होता. नवरदेवाच्या आजीपासून सगळ्यांची पोटं बरोबर आहेत, असा अहवाल त्यांनी मला दिला.

मी म्हटलं, चाचा, दमलात, आता दोन दिवस आराम करा.

"दमलो की. पर चारशे मान्सांनी मला पाणी मागितलं," ते म्हणाले आणि घासायचे थांबले. "सुरैय्या गेली तवापासून घरात पाणी मागणारं कुणी न्हाई. आदत जात न्हाई ना. सकाळी हंडा उकळतो, गाळतो, झाकून ठेवतो. दुसऱ्या दिवशी बघतो तर तसाच. मंग कढीपत्त्याला घालतो."

सुरैय्याचाचींना जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा पुण्यात. आम्ही शेजारचे रोज त्यांच्या चौकशांना हसत होतो, पण त्यांच्या ओट्यावर बसून पाणी मागायचं कधी कुणाला सुचलं नाही. मलासुद्धा.

चाचा उठले आणि घासायचं राहिलेलं पिंप रिकामं करायला हात लावा म्हणाले. आम्ही दोघांनी धरून ते कलतं केलं. मी जरा घाई केली, तर तळाशी उरलेलं पाणी बादलीत पडायच्या ऐवजी फरशीवर पसरलं, आणि उकळलेलं पाणी सांडलं म्हणून ते माझ्यावर चांगलेच रागावले.