परातीतलं ध्यान

गोवर्धनबाबूंनी राग सोडायचा ठरवला, तो दिवस खरं तर घरात सणासारखा साजरा व्हायला हवा होता. पण वच्छलाबाईंनी नुसतं "बरं" म्हटलं आणि चुलीत फुंकर घातली. (तंबाखू सोडायचं त्यांनी असंच कितीदा तरी ठरवलं होतं.)

गोवर्धनबाबू गोंदिया स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होते. तांदळाची पोती वॅगनमध्ये चढताना ते हमालांवर ओरडत आणि हमाल नसले तर वॅगनवर ओरडत. तिथे ते खपून जाई. घरात मात्र खपलं नाही. दिवाळीनंतर त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, शामकलाला, बघायला आमगावहून पाहुणे आले होते. जेवताना मुलाचा मामा सहज म्हणाला, "भात जाडा दिसते." झालं! बाबू ताटावरून ताडकन उठले आणि गरजले, "मंग घरून शिदोरी काऊन नाही आनली?"

पाहुणे उष्ट्या हातानंच उठले. त्यांची गाडी आमगावला पोचायच्या आधी ही बातमी तिथे पोचली होती म्हणतात. त्यानंतर शामकलाला बघायला कुणी फिरकलं नाही. पोर बिचारी बोलत काहीच नसे, पण तिचं हसणं बंद झालं होतं. ते बापाला दिसत होतं आणि आतून खात होतं. कुणावर ओरडून उपयोग नाही असं हे त्यांच्या आयुष्यातलं पहिलंच दुःख.

फाल्गुनात वच्छलाबाईंच्या भावानं, नंदलालनं, मोठ्या मिनतवारीनं आमगावच्या सेवकरामांना राजी केलं. घरची धानाची शेती, मुलगा शाळेत मास्तर.

"पन सेवकरामजी म्हनतात, पोरीचा बाप लय तापट हाये असं ऐकलं, आधी त्यालेच पाहून घेतो," नंदलाल म्हणाला. "भाऊजी, हे हुकलं तं मी पुन्हा कोनाच्या दारात जानार नाही."

म्हणून राग सोडायचा होता. पण सोडायचा कसा? मालधक्क्यावरचा दुधराम गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध दीक्षा घेऊन आला होता. तेव्हापासून कुणी काही बोललं तरी तो शांतपणे हसायचा. (बाबूंना त्याचाही राग येई.) त्यालाच त्यांनी गाठलं. दुधरामनं त्यांना आपल्या वस्तीत मुक्कामाला आलेल्या भंतेंपुढे नेऊन बसवलं.

भंते अंगानं भरलेले, चेहऱ्यानं हसरे होते. म्हणाले, "मन म्हणजे मोकाट बैल. त्याला बांधायला खुंटा लागतो. त्या खुंट्याला आम्ही आलंबन म्हणतो. श्वास घ्या, दिव्याची ज्योत घ्या, मातीचं गोल मंडल घ्या, भांड्यातलं पाणी घ्या. मानवेल ते घ्या, पण एकच धरा. धानाचं रोप, आपला पऱ्हा, आज शेताच्या या बांधीत लावला आणि उद्या उपटून त्या बांधीत लावला, तर लोंबी धरेल का?"

"कशी धरंल जी!" बाबू जोरात म्हणाले. आणि घरी पोचेपर्यंत पऱ्ह्याची गोष्ट साफ विसरले.

पहिल्या दिवशी त्यांनी श्वास धरला. डोळे मिटून भिंतीला टेकले आणि थोड्याच वेळात घोरू लागले. वच्छलाबाई हलवून म्हणाल्या, "तुमचा श्वास शेजाऱ्यायले बी ऐकू येऊन राहिला."

मग ज्योत घेतली. मन एकाग्र व्हावं म्हणून जवळ सरकले, आणखी एकाग्र व्हावं म्हणून आणखी जवळ सरकले. मन एकाग्र झालं की नाही ते कळलं नाही, पण मिशी एका बाजूनं गेली.

मग माती. तळ्याची चिकणमाती आणून त्यांनी ताटाएवढी गोल चकती थापली, गुळगुळीत केली आणि कोपऱ्यात पाटावर ठेवली. संध्याकाळी कामावरून येऊन बघतात तर चकतीवर हळदकुंकू, फुलं, तांदूळ आणि समोर नारळ! नवऱ्यानं राग शमवायला कुठला तरी देव बसवला, असं वच्छलाबाईंनी धरलं होतं. (शहाण्या माणसाच्या घरात पाटावर दुसरं काय ठेवतात?) शेजारच्या शकुंतलाबाईंची म्हैस बरेच दिवस पान्हा चोरत होती. त्यांनी नवस बोलला आणि म्हशीनं त्याच संध्याकाळी बादली भरली.

"हा देव नोहे, माझं आलंबन हाये!" बाबू कळवळले.

"नाव कोनतं बी असू द्या," शकुंतलाबाई हात जोडून म्हणाल्या, "पन आता हालवू नोका जी."

बाबू पडेल चेहऱ्यानं पुन्हा भंतेंकडे गेले. भंते पोट धरून हसले. मग मायेनं म्हणाले, "आता पाणी राहिलं. घ्या. पण समोर असेल त्यावर टिकून राहा. उठून पळू नका."

पाहुणे दुपारच्या गाडीनं यायचे होते. सकाळीच बाबूंनी पितळी परात काठोकाठ भरली, ओसरीच्या कडेला ठेवली आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले. मान खाली, नजर पाण्यावर. पाणी हळूहळू स्थिरावलं, आणि नवल म्हणजे मनही स्थिरावलं. असं गार गार त्यांना जन्मात वाटलं नव्हतं.

इकडे सेवकराम सकाळच्याच गाडीनं उतरले. रागीट माणसाला बेसावध गाठावं हा त्यांचा बेत. स्टेशनपासून मुलगा आणि नंदलालसह धूळ तुडवत ते दारात आले. बघतात तर काय! मुलीचा बाप ओसरीवर परातभर स्वच्छ पाणी घेऊन, मान लववून वाट बघत बसलेला. आपल्याकडे पाहुण्याला लोटाभर पाणी देतात, पाय त्याचे तो धुतो. मुलीचा बाप परातीत पाय धुतो तो मांडवात आणि तेही नवरदेवाचे. सेवकरामांना भरून आलं. त्यांनी चपला काढल्या आणि दोन्ही पाय छपाककन परातीत ठेवले.

बाबूंच्या शांत पाण्यात एकदम धुळीचा लोट उठला. ते दचकले. कानशिलं तापली, उरलेली मिशी थरथरली आणि तोंड उघडलं. अंगणात नंदलालनं हात जोडले. दाराआड शामकलाच्या बांगड्या किणकिणत होत्या, त्या थांबल्या.

ती शांतता बाबूंना ऐकू आली. त्यांनी तोंड मिटलं. समोर असेल त्यावर टिकायचं होतं आणि समोर होता सेवकरामांच्या उजव्या पायाचा अंगठा. चांगला जाडजूड, नख दुभंगलेलं. बाबूंनी त्यावर नजर रोवली. श्वास आत, अंगठा. श्वास बाहेर, अंगठा. रिकाम्या हातांचं काय करावं ते सुचेना, म्हणून त्या हातांनी ते सेवकरामांचे पाय चोळू लागले.

"अजी, काय करून राहिले तुमी!" सेवकरामांनी वाकून त्यांचे हात धरले. "अशा मानसाले लोक तापट म्हनतात? लोकायच्या तोंडाले झाकन नाही. उठा इवाई, उठा!"

मुलगी बघायच्या आधीच ते बाबूंना व्याही मानून 'इवाई' म्हणून मोकळे झाले! मग मास्तरांनी शामकलाला बघितलं, शामकलानं पापण्यांआडून मास्तरांना बघितलं आणि दोघांनाही हरकत दिसली नाही. जेवायला बसल्यावर पहिला घास घेऊन सेवकराम म्हणाले, "भात जाडा हाये..." सगळं घर गोठलं. वच्छलाबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. "...पन गोड हाये!"

"वाढू काय अजून?" बाबूंनी विचारलं. हा आवाज आपलाच का, याची त्यांनाही शंका आली.

पाहुणे गेल्यावर वच्छलाबाई चुलीपाशी बसून पोटभर रडल्या आणि मग हलक्या झाल्या. शामकला हसली, किती महिन्यांनी तरी. बाबूंच्या छातीवरची धोंड उतरली. ते धावत भंतेंकडे गेले. भंते म्हणाले, "अंगठा काही आमच्या परंपरेत नाही. पण लोंबी धरली ना? आता उपटू नका."

वैशाखात लग्न लागलं. वऱ्हाड रेल्वेनं आलं आणि वाजत गाजत मांडवाच्या दारात थांबलं. पण आत कुणी येईना. बाबू बघायला गेले तर सगळं वऱ्हाड धोतरं वर खोचून, चपला हातात घेऊन रांगेत उभं! मुलीचा बाप आल्या पाहुण्याचे पाय स्वतःच्या हातानं धुतो, असं सेवकरामांनी आमगावभर अभिमानानं सांगून ठेवलं होतं. आणि रांगेत सगळ्यांत पुढे कोण? तोच जाड्या भाताचा मामा! (सेवकरामांचा तो दूरचा साडू निघाला.)

बाबूंनी तोंड उघडलं. तेवढ्यात वच्छलाबाईंनी समोर परात आणून ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "बसा जी ध्यानाले. अंगठे बदलतीन, तुमी बदलू नोका."

बाबू बसले. मामांनी ऐटीत पाय परातीत ठेवले आणि सहज म्हणाले, "पानी जरा थंड दिसते."

गोवर्धनबाबूंनी मान खाली घातली आणि घाईघाईनं अंगठा शोधू लागले.