जुनं पेट्रोल आधी

तेजश्रीला लुना चालवता येत होती. नुसती येत होती असं नाही, तिच्या मते सातपूरच्या अख्ख्या कामगार वसाहतीत इतक्या झोकात लुना दुसरं कुणी चालवतच नव्हतं! सत्त्याण्णव सालचा मे महिना होता. दहावीची परीक्षा संपलेली, निकाल अजून लागायचा, सोळावं वर्ष पूर्ण झालेलं आणि लायसन्स इतकं नवं की त्यावरच्या फोटोला अजून गोंदाचा वास येत होता. अशा दिवसांत माणसाला जगातली कुठलीही जबाबदारी लहानच वाटते.

त्यामुळे आईच्या टायपिंगच्या परीक्षेचा विषय निघाला तेव्हा तिने जाहीर करून टाकलं, "आईला सेंटरवर मी पोचवणार. वेळेच्या आधी."

तिचे बाबा, दिवाकरराव, बसने जा म्हणत होते. सेंटर होतं शालिमारजवळच्या एका शाळेत, म्हणजे बसने सरळ रस्ता. पण श्यामलाबाईंनी लेकीकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, जाऊ देत तिच्याबरोबर. अकराची बॅच आहे, सव्वादहाला निघू.

आता ही परीक्षा म्हणजे काही गंमत नव्हती. श्यामलाबाईंना एका पतपेढीत नोकरी मिळायची होती, पण मराठी टायपिंगचं सर्टिफिकेट दाखवल्यावरच. वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्या रोज दुपारी बसस्टॉपमागच्या इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन पोरासोरांच्या रांगेत बसायच्या. त्या खोलीतून दहा यंत्रं एकदम चालल्याचा आवाज यायचा, पत्र्यावर गारा पडल्यासारखा. आज ती यंत्रंही गेली आणि तो आवाजही. घरी पोळ्या लाटतानासुद्धा आईची बोटं पोळपाटाच्या कडेवर टायपिंगच्या सरावातलं 'कचतप कचतप' वाजवत असायची. शेवटचा आठवडा तर त्यांनी भांडीही घासली नाहीत, कारण बोटं जपायची होती. भांडी बाबांनी घासली आणि कढई अशी चकचकीत केली की तिच्यात बघून भांग पाडावा!

दिवाकरराव एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. स्टोअरकीपरचा एक नियम असतो. जुना माल आधी काढायचा, नवा माल मागे लावायचा. कारखान्यात हा नियम नट-बोल्टना लागू होता, घरी सगळ्यांना! साबणाच्या वडीवर तारीख, पापडाच्या डब्यावर तारीख, बिस्किटांच्या पुड्यावर तारीख. त्या घरात ताजं बिस्कीट कुणी खाल्लंच नव्हतं, कारण ताज्याची पाळी येईपर्यंत तेही मऊ पडलेलं असे.

या तारीखवाल्या वस्तूंत सगळ्यात मानाची वस्तू गॅलरीत होती. पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन. दोन वर्षांपूर्वी टँकरवाल्यांच्या संपाची आवई उठली होती, तेव्हा बाबा पंपावर तीन तास रांगेत उभे राहून हे पेट्रोल घेऊन आले. संप दुसऱ्याच दिवशी मिटला. कॅन मात्र तसाच राहिला, जून पंच्याण्णव अशी चिठ्ठी लावून. त्याच्यापायी दोन वर्षं गॅलरीत उदबत्ती लागली नव्हती, आणि दिवाळीत पणत्या खालच्या जिन्यात लागायच्या.

परीक्षेच्या दिवशी बाबांची पहिली पाळी होती. आदल्या संध्याकाळीच त्यांनी लुनात ताजं पेट्रोल आणि ऑइल भरून ठेवलं होतं. सकाळी गाडी पुसता पुसता तेजश्रीने टाकीचं झाकण उघडून पाहिलं आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टाकीत नवा माल, गॅलरीत जुना! बाबांसारख्या माणसाकडून एवढी मोठी चूक? गडबडीत झाली असणार. ती आपण गुपचूप सुधारली तर संध्याकाळी बाबा किती खूश होतील!

बाबांना टाकी रिकामी करताना तिने शंभर वेळा पाहिलेलं होतं. तिने खालची नळी काढली, ताजं पेट्रोल शेवटच्या थेंबापर्यंत दुसऱ्या कॅनमध्ये उतरवलं, त्याच्यावर आजच्या तारखेची चिठ्ठी लावली, आणि पंच्याण्णवचा माल ऑइल मिसळून टाकीत ओतला. रंग जरा चहासारखा वाटला. वासही पेट्रोलचा कमी आणि नव्या कपाटाचा जास्त होता. पण तिला वाटलं, मुरलं असेल. लोणचं नाही का मुरत?

सव्वादहाला मायलेकी निघाल्या. श्यामलाबाई मागच्या कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसल्या. पर्स काखेत, पर्समध्ये हॉल तिकीट. ते त्यांनी आठवडाभर कुणाला हात लावू दिलेलं नव्हतं. लुना पहिल्या पेडलला सुरू झाली. तेजश्रीने अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा हॉर्न दिला.

त्र्यंबक रोडला लागेपर्यंत सगळं छान होतं, कारण तोवर गाडी नळीत राहिलेल्या ताज्या थेंबांवर चालली होती. मग पंच्याण्णव साल सुरू झालं! लुना आधी शिंकली. मग म्हाताऱ्यासारखी खोकली. मग मागून असा पांढरा धूर निघाला की एका सायकलवाल्याने घंटी वाजवत वाजवत रस्ताच बदलला. आयटीआयच्या सिग्नलच्या अलीकडे तिने एक मोठा उसासा सोडला आणि ती थांबली ती थांबलीच.

वीस पेडल मारून झाले. प्लग पुसून झाला. तेजश्रीच्या कपाळावर घाम आणि गालावर काळा पट्टा. श्यामलाबाई मात्र झाडाखाली शांत उभ्या होत्या. समोरून एक बस भरून निघून गेली, रिक्षा हात दाखवूनही थांबेनात. त्या म्हणाल्या, पुढची बस बघू का? तेजश्रीला ते काट्यासारखं बोचलं. तिने ठणकावून सांगितलं, मीच पोचवणार.

शेजारीच चिमाजी नावाच्या मेकॅनिकची टपरी होती. त्याने टाकीचं झाकण काढलं, नाक आत नेलं आणि विंचू दिसल्यासारखं बाहेर काढलं. मग एक बोट बुडवून अंगठ्यावर घासलं. बोट चिकटलं.

"ताई, किती दिसाचं हे?"

"दोन वर्षांचं. पण गॅलरीत, बंद कॅनमध्ये होतं," तेजश्री म्हणाली.

"दोन वर्सांचं पोरगं बोलाया लागतं. हे तर मुकं झालं ना." चिमाजीने बोट फडक्याला पुसलं. "आवं, पेट्रोल काय तूप हे का, जपून ठेवाया? त्याच्यातला पेट घेणारा जीव कवाच उडून गेला. खाली ऱ्हायला तो डिंक. त्याच डिंकानं कार्बोरेटर लय चोंदलाय. खोलून धुवायला दोन तास तरी लागतील."

आणि वर त्याने ताकीद दिली, की उरलेलं स्टोव्हमध्ये घालू नका, मोरीत ओतू नका आणि घरात तर मुळीच ठेवू नका. उन्हात फुगून तो कॅन कधी तडकला असता तर लुनाचं सोडा, गॅलरीच राहिली नसती. तेजश्रीला ते सगळं ऐकू येत होतं, पण दिसत होता फक्त चिमाजीच्या भिंतीवरच्या घड्याळाचा काटा. दहा चाळीस!

दोन तास कुठून आणायचे? आईचं वर्ष जाणार. नोकरी जाणार. कचतप कचतप करून झिजलेला तो पोळपाट वाया जाणार! तेवढ्यात तिची नजर खाली गेली. लुनाला पेडल होते!

चिमाजीने खटका दाबून इंजिन चाकापासून सोडवून दिलं. "बसा मावशी. आता ही सायकल हे," तो म्हणाला. "पन जड हे हां."

जड? आयटीआय ते शालिमार तेजश्रीने मे महिन्याच्या उन्हात जे ओढलं, ते एखाद्या बैलानेही खाली मान घालून नाकारलं असतं. भाजीवाल्या म्हाताऱ्यांच्या सायकली तिच्या पुढे गेल्या. एक कुत्रं थोडं अंतर सोबत चाललं आणि कंटाळून थांबलं. मागे श्यामलाबाई दोन्ही हात रुमालात गुंडाळून, छातीशी धरून बसलेल्या. कुठे धरणार? बोटं जपायची होती! बघणाऱ्याला वाटावं, या बाईंच्या हाताला काहीतरी झालंय आणि पोरगी बिचारी दवाखान्यात नेतेय. मायको सर्कलला एका पोलिसाने तसं समजून खरंच वाहतूक थांबवून त्यांना वाट करून दिली. तेजश्रीला त्याला खरं सांगायचं होतं, पण बोलायला श्वास शिल्लक नव्हता.

आई मधूनमधून म्हणत होती, सावकाश चालव गं. आईचा तो शांतपणा तेजश्रीला आणखीनच रडवत होता. आशा सोडलेली माणसंच इतकी शांत असतात, असं तिला वाटलं.

शाळेच्या फाटकात त्या पोचल्या तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. फाटक बंद. आतून यंत्रांचा खडखडाट ऐकू येत होता. तेजश्रीने लुना तशीच आडवी टाकली आणि शिपायासमोर हात जोडले. सगळी चूक तिची आहे, पेट्रोल तिने बदललं, आईने वर्षभर मेहनत केलीय, पाहिजे तर तिला शिक्षा करा पण आईला आत सोडा, असं ती एका दमात बोलून गेली आणि शेवटी रडायलाच लागली.

शिपायाने शांतपणे श्यामलाबाईंचं हॉल तिकीट घेतलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचलं.

"मॅडम, तुमची बॅच साडेअकराची. आत्ता अकराची चालू आहे. बसा तिकडं सावलीत."

तेजश्रीने आईकडे पाहिलं. आई रुमाल सोडून एकेक बोट मोकळं करत होती.

"तुझ्या गाडीवर यायचं ठरलं ना," आई म्हणाली, "म्हणून अर्धा तास धरून ठेवला होता."

साडेअकराला आत गेलेल्या श्यामलाबाई हसतच बाहेर आल्या. वेळेआधी उतारा संपला होता, चूक एकही नव्हती. तेजश्रीने आनंदाने लुना स्टँडवरून काढली आणि कॅरिअरवरची धूळ ओढणीने झटकली.

श्यामलाबाईंनी कॅरिअरकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे पाहिलं. सातपूरची बस लागलेली होती. त्यांनी लेकीच्या गालावरचा काळा पट्टा पदराने पुसला.

"मी पुढे जाऊन कुकर लावते," त्या म्हणाल्या. "तू ये सावकाश."